शाळेतली दादागिरी जनजागृतीने खरेच थांबते का?

तुमच्या मुलाच्या शाळेत गेल्या वर्षी दादागिरीविरोधी सप्ताह झाला, बाहेरच्या पाहुण्यांचे व्याख्यान झाले, घोषवाक्यांची आणि पोस्टरची स्पर्धाही झाली. तरीही सहावीतल्या तुमच्या मुलाला होणारा त्रास तसूभरही कमी झाला नाही, तेव्हा शिक्षण आणि जागृतीने काही साधते का, आणि पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची सदस्य म्हणून तुम्ही शाळेला काय सुचवावे, असे तुम्ही विचारले आहे. परळ भागातल्या एका मराठी शाळेत मी बरीच वर्षे वर्गशिक्षिका होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साधते, पण सप्ताहाने नाही. पाहुणे येतात, सभागृहात चारशे मुले मांडी घालून बसतात, ‘आम्ही कोणालाही त्रास देणार नाही’ अशी शपथ एका सुरात घेतली जाते, आणि त्या सुरात त्रास देणाऱ्याचा आवाज सर्वांत मोठा असतो. (बक्षीसपात्र पोस्टर बहुधा आईने काढलेले असते, हेही आपल्यात मान्य करायला हरकत नाही.) दादागिरी वाईट असते हे न कळलेला सहावीतला मुलगा मला आजवर भेटलेला नाही. कमतरता माहितीची नसून, आपल्यासमोर ती घडत असताना काय करायचे याच्या सरावाची असते, आणि सराव एका आठवड्यात होत नाही.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास नॉर्वेमध्ये आकाराला आला. तिथे १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी सहाध्यायांच्या छळापायी आत्महत्या केल्या आणि १९८३ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. बर्गेनचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी दादागिरी ओळखण्यासाठी तीन कसोट्या दिल्या: ती हेतुपुरस्सर असते, पुन्हापुन्हा होते, आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. तिसरी कसोटी आपल्याकडे सर्रास विसरली जाते. मधल्या सुट्टीत दोन बरोबरीची मुले क्रिकेटवरून भांडली तर ते भांडण. पण तीच चार मुले रोज एकाच मुलाचा डबा उघडून बघणार, नावे ठेवणार आणि त्याने काही बोलायचे नाही, हे भांडण नव्हे. म्हणूनच दोघांना समोरासमोर उभे करून ‘सॉरी म्हण, हात मिळवा, आता मित्र व्हा’ असा निवाडा करणे मला कधीच पटले नाही. दुबळ्याला आपल्या छळकर्त्याचा हात सर्वांदेखत हातात घ्यावा लागतो आणि बाईंच्या लेखी प्रकरण मिटलेले असते. जिन्यावर काय होते ते बाईंना कळत नाही.

अशा उपक्रमांचा एकत्रित आढावा मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन या केंब्रिजच्या अभ्यासकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. चांगल्या उपक्रमांनी त्रास देण्याचे प्रमाण सरासरी २० ते २३ टक्क्यांनी आणि त्रास सोसण्याचे प्रमाण १७ ते २० टक्क्यांनी कमी होते, असे त्यात आढळले. म्हणजे पाचांतला एक. जादू नव्हे, पण ज्या मुलाची वेळ टळते त्याच्यासाठी पुरेसे आहे. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे आहे ते हे की, परिणाम साधणाऱ्या घटकांत पालकांच्या सभा, मैदानावरची काटेकोर देखरेख आणि उपक्रमाचा दीर्घ कालावधी यांचा समावेश होता. आपल्या शाळा या तिन्हींत कमी पडतात आणि पोस्टरमध्ये मात्र पुढे असतात.

आता मुख्य मुद्दा. आपले सगळे लक्ष त्रास देणाऱ्यावर आणि सोसणाऱ्यावर असते. पन्नास जणांच्या वर्गात ते फार तर पाच-सहा, आणि उरलेले सगळे बघणारे. कॅनडात टोरोंटोच्या शाळांमधील मैदानांवर केलेल्या चित्रीकरणाच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दादागिरीच्या ८८ टक्के प्रसंगी इतर मुले हजर होती; त्यांनी मध्ये पडण्याचे प्रसंग मात्र १९ टक्के. आणि जेव्हा कोणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिव्हाली यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘किव्हा’ हा कार्यक्रम याच निरीक्षणाच्या पायावर उभा आहे. हसणाऱ्यांचे हसू बंद झाले की दादाला मिळणारा मान जातो, असा त्यामागचा हिशोब. तिथे प्राथमिक वर्गांना वर्षभरात दहा जोडतास दिले जातात, साधारण महिन्याला एक, आणि ते वर्गशिक्षकच घेतात, पाहुणा नव्हे. तुमच्या शाळेला एकच गोष्ट सुचवायची असेल तर ही सुचवा: महिन्याला एक तास, वर्गशिक्षकाचा, वेळापत्रकात छापलेला.

त्या तासात काय करायचे? ‘धीट व्हा, अन्यायाविरुद्ध उभे राहा’ असे सांगून काही होत नाही, कारण उद्या आपलीच पाळी येईल ही भीती खरी असते, आणि बाईंना जाऊन सांगितले तर ‘चोंबडा’ हे नाव दहावीपर्यंत चिकटते. आम्ही मुलांना तोंडात बसतील अशी साधी वाक्ये देत असू. दादाशी वाद घालायचा नाही, त्याच्याकडे बघायचेही नाही. सरळ त्रास होणाऱ्या मुलाजवळ जाऊन म्हणायचे, ‘चल, पाणी प्यायला जाऊ’, किंवा ‘तुला सर बोलावताहेत’. हे वाक्य वर्गात खरोखर म्हणून घ्यायचे, तीन-तीनच्या गटांत, भूमिका बदलून. पहिल्या वेळी सगळी हसतात, दुसऱ्या वेळी एखादी मुलगी ते इतक्या सहजपणे म्हणते की वर्ग गप्प होतो. जी मुले तेवढेही करू शकत नाहीत त्यांना सांगायचे: हसू नका, तिथून निघा, आणि नंतर त्याच्या बाकावर जाऊन डबा खा. हेही जमण्यासारखे असते.

दुसरा उपयोगी प्रकार नकाशाचा. शाळेचा मजल्यांनुसार ढोबळ आराखडा छापून प्रत्येकाला द्यायचा, नाव लिहायचे नाही, आणि जिथे जायला नको वाटते तिथे फुली मारायला सांगायचे. फुल्या वर्गात फारशा पडत नाहीत. त्या पडतात वरच्या मजल्याच्या स्वच्छतागृहापाशी, पाण्याच्या नळांजवळ, मागच्या जिन्याच्या वळणावर, आणि दुपारी सकाळचे अधिवेशन सुटून दुपारचे भरते तेव्हा फाटकाजवळच्या त्या दहा मिनिटांत, जिथे मोठी मुले बाहेर येत असतात आणि लहान आत शिरत असतात. मुंबईतल्या बहुतेक शाळांना ऐसपैस मैदान नाही. चिंचोळ्या जागेत गर्दी असते आणि गर्दीत कोपरखळी दिसत नाही. फुल्या मोजल्या की शिक्षकांच्या देखरेखीच्या पाळ्या कुठे लावायच्या हे आपोआप ठरते. एक पैसा खर्च होत नाही.

शिक्षण फक्त मुलांचे करून भागत नाही, हे शिक्षिका म्हणून मला लिहावे लागते. ‘ए जाड्या, फळा पूस’, ‘मुलींसारखा रडतोस काय’ असे शिक्षकच बोलले की वर्गाला परवाना मिळतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई आहे, हे शिक्षकांच्या बैठकीत वर्षाच्या आरंभी वाचून दाखवावे. शिवाय मुंबईत चिडवण्याचे विषय घरांतून येतात: कोण टॉवरमध्ये राहतो आणि कोण झोपडपट्टीत, कोणाची मराठी गावाकडची आहे, कोण पंचवीस टक्के राखीव जागांतून आला आहे. मुलांनी हे शब्द जेवणाच्या ताटावर ऐकलेले असतात, म्हणून पालकसभेत हा विषय काढावाच लागतो, आणि तो तुम्ही काढलात तर मुख्याध्यापकांपेक्षा अधिक ऐकला जाईल. प्रशिक्षणाला मावशी, शिपाई आणि बसमधल्या ताईंनाही बसवा. शाळेत काय चालते ते सर्वांत आधी त्यांनाच माहीत असते, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

मोबाइलबद्दल थोडक्यात: वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात रात्री झालेला प्रकार ‘शाळेबाहेरचा’ म्हणून शाळेने झटकू नये, आणि तुम्ही स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, घाईने संदेश खोडू नयेत.

तोपर्यंत मुलाला काय सांगावे, हेही तुम्ही विचारले आहे. ‘तूही दोन ठेवून दे’ हे सांगू नका. बळ असमान असताना तो सल्ला त्यालाच महागात पडतो, आणि वर शाळा दोघांना सारखीच शिक्षा करते. कधी, कुठे, कोण होते, कोण बघत होते, एवढे त्याच्याकडून शांतपणे ऐकून तारखेनिशी वहीत लिहा. ते घेऊन आधी वर्गशिक्षकांना भेटा, आणि दोन्ही मुलांशी वेगवेगळे बोला, असा आग्रह धरा. त्याला कोणाशी तरी मोकळेपणाने बोलायचे असेल तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. बोलण्याने काही हलले नाही तर मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्या. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात चिडवणे आणि धमकावणेही येते, आणि लेखी तक्रार मिळाल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे त्यात बंधनकारक आहे. सहावीच्या मुलांवर खटले भरावेत असे मी मुळीच सुचवत नाही, पण पत्रात त्या मुदतीचा उल्लेख असला की फाइल टेबलावरून हलते. पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर शाळेच्या शिक्क्यासह पोच घ्या.