फॅमिली थेरपिस्टांची संघटना वर्गणी घेण्यापलीकडे नेमकं करते काय?

वर्गणी, वार्षिक परिषद आणि सर्टिफिकेट एवढंच दिसतं, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण अमेरिकेतल्या मेडिकेअरचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यविम्याचं, प्रकरण बघा. तिथे पासष्टी गाठली की बहुतेकांचा विमा मेडिकेअरकडे जातो, आणि 2023 अखेरपर्यंत मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टला मेडिकेअरचं बिल लावताच येत नव्हतं. म्हणजे 64व्या वर्षी बायकोसोबत दर आठवड्याला येणारा माणूस पुढच्या वाढदिवसाला एक तर खिशातून पैसे भरणार, नाहीतर थेरपिस्ट बदलणार.

अमेरिकन असोसिएशन फॉर मॅरेज अँड फॅमिली थेरपी ही 1942 सालची संघटना. समुपदेशकांच्या संघटनांना सोबत घेऊन तिने वर्षानुवर्षं खासदारांचे उंबरठे झिजवले. डिसेंबर 2022मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 2024पासून बिलं सुरू झाली. तीही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या दराच्या 75 टक्केच, ते दुखणं वेगळं!

म्हणून पदाधिकारी निवडताना मी तरी भाषण ऐकत नाही; विधेयकाचा मसुदा कोण नीट वाचतो ते बघतो. ही कामं पाच-दहा वर्षांची नसतातच. या थेरपिस्टांच्या राज्य परवान्याचंच घ्या: सगळ्यात आधी कॅलिफोर्नियाने तो 1963मध्ये दिला, सगळ्यात शेवटी माँटानाने, 2009मध्ये.