हिवाळ्यात गाडीने फिरून परतल्यावर घर बर्फात बुडालेलं असेल तर आधी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये पुण्याहून अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला आलात, नाताळच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन गाडीने फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला जाणार आहात, आणि परत याल तेव्हा दारात कमरेएवढा बर्फ असला तर सुरुवात कुठून करायची हे कळत नाहीये. मी बफेलोच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात राहते. इकडे हे नेहमीचंच आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा: ड्राइव्हवेला, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीच्या वाटेला, हात लावण्याआधी घराच्या भिंतीतून बाहेर आलेले पाइप मोकळे करा, आणि बाबांच्या हाती फावडं देऊ नका. बाकीचं आता सावकाश सांगते.

इथला बर्फ ईरी सरोवरावरून येतो. डिसेंबरात सरोवराचं पाणी अजून उबदार असतं आणि त्याच्यावरून गारठलेला पश्चिमेचा वारा लांबवर वाहत येतो. तो वाफ उचलतो आणि किनारा ओलांडला की एका अरुंद पट्ट्यात सगळी रिकामी करतो. या पट्ट्याची कड इतकी स्पष्ट असते की नोव्हेंबर २०१४ मध्ये लँकास्टर, वेस्ट सेनेका या भागांत पाच फुटांहून जास्त बर्फ पडला आणि तिथून थोडं उत्तरेला जेमतेम काही इंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला साधारण ८० इंच पडला. दोन्ही वेळा बिल्स या इथल्या फुटबॉल संघाचा घरचा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला होता. म्हणून फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ‘बफेलो’ म्हणून जो आकडा दिसतो त्यावर विसंबू नका. शेजाऱ्याला फोन करून विचारा, ‘आपल्या गल्लीत किती आहे?’

हा फोन घर जवळ आल्यावर नाही, पिट्सबर्गला असतानाच करायचा. ऑर्लँडोहून येताना तुम्ही बहुधा ७७ आणि मग ७९ नंबरच्या हायवेने वर याल. ७९ ईरी शहराशी संपतो आणि तिथून ९० नंबरने बफेलोपर्यंतचे साधारण ९० मैल तुम्ही सरोवराच्या कडेकडेनेच चालवता. बाराशे मैलांच्या प्रवासातला सगळ्यात अवघड तुकडा हाच, आणि तो नेमका शेवटी येतो. अंगात त्राण नसतं, मुलं कंटाळलेली असतात, ‘आता काय, दीड तासात घरी’ असं वाटत असतं. २०१४ मध्ये याच ९० नंबरवर लोक एक दिवसाहून जास्त गाडीत अडकून पडले होते. न्यूयॉर्कचे रस्ते बंद आहेत का ते न्यूयॉर्क राज्याच्या ५११ या अ‍ॅपवर कळतं. बंद असतील, किंवा न्यूयॉर्कच्या हद्दीवरच्या रिप्लीच्या पुढे बर्फाचा पट्टा बसलेला दिसत असेल, तर पिट्सबर्गला थांबा. पेन हिल्सला वेंकटेश्वराचं मोठं मंदिर आहे. हायवेपासून थोडं आडवाटेला आहे, पण आई-बाबांना बरं वाटेल. जवळपास हॉटेल घ्या, दुसऱ्या दिवशी उजेडी निघा. एका रात्रीचे पैसे जातात, जाऊ देत.

आता घरी पोहोचलात असं धरू. पहिला प्रश्न गाडी कुठे ठेवायची. ड्राइव्हवे भरलेला असतो, आणि तो जिथे रस्त्याला मिळतो तिथे प्लाऊने, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ बाजूला लोटणाऱ्या गाडीने, लोटलेला ढिगारा असतो. गाडी त्यात घुसवू नका, खालून अडकून बसेल. इकडच्या बऱ्याच गावांत हिवाळाभर रात्री रस्त्यावर गाडी लावायला मनाई असते, कारण प्लाऊला जागा लागते. शेजाऱ्याचा ड्राइव्हवे मोकळा असेल तर विनंती करा. इथे कुणी नाही म्हणत नाही. निदान आई-बाबांना तासभर शेजाऱ्यांच्या घरात बसवा आणि घरात शिरायची वाट तेवढी करून घ्या.

आणि मग त्या भिंतीकडे जा.

तुमचं घर गेल्या वीसेक वर्षांतलं असेल तर फर्नेसचे, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचे, दोन पांढरे प्लॅस्टिकचे पाइप बहुतेक बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून फूट-दोन फुटांवर बाहेर आलेले असतील. एकातून हवा आत जाते, दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर पडतो. वाऱ्याने त्या कोपऱ्यात बर्फ साचला की पाइप गाडले जातात. नशीब चांगलं असेल तर फर्नेस आपोआप बंद पडते आणि घर गारठतं. नशीब वाईट असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. दहा दिवस बंद असलेल्या घरात शिरायचं, थर्मोस्टॅट वाढवायचा आणि प्रवासाने थकून झोपून जायचं, यात किती मोठा धोका आहे हे लक्षात घ्या. पाइपांभोवतीचा बर्फ हाताने काढा, फावड्याचा घाव घालू नका. कपडे वाळवायच्या मशीनचं तोंड आणि गॅसचा मीटर यांच्याभोवतीही तसंच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म न्यूयॉर्क राज्यात २०१० पासून घरांत कायद्याने लागतो. तुमच्याकडे आहे का आणि त्यातली बॅटरी चालू आहे का, हे जाण्याआधी बघा. तो वाजला तर खिडक्या उघडत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि ९११ ला फोन करा.

गाडीलाही हेच लागू. बर्फात उभी गाडी चालू करण्याआधी मागचा धुराचा पाइप पूर्ण मोकळा हवा. मुलांना ‘गरम बसा’ म्हणून चालू गाडीत बसवून आपण बाहेर बर्फ काढत राहायचं, हे कधीही करू नका.

घरात शिरल्यावर थर्मोस्टॅट बघा. जाताना तो ५५ फॅरनहाइटच्या खाली ठेवू नका, आणि पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करून जा. परत आल्यावर घर ५५ च्या आसपास असेल तर निर्धास्त व्हा. मध्ये वीज गेली असेल आणि घर गोठणबिंदूच्या जवळ असेल, तर मेन व्हॉल्व्ह बंदच राहू द्या आणि आधी घर गरम होऊ द्या. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइपला तडा जातो, पण गळती दिसते ती बर्फ वितळल्यावर. मग व्हॉल्व्ह थोडासा उघडून तळघरात, सिंकखाली, बाथरूममागे कान देऊन ऐका. एखादा पाइप गोठलेला असेल तर नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूने सुरुवात करत हेअर ड्रायरने हळूहळू गरम करा. ज्योत अजिबात नको.

आता बाबांबद्दल. तुम्ही लिहिलंय की ते ६६ वर्षांचे आहेत आणि रोज सकाळी पर्वती चढत होते. आपल्याकडचे वडील ‘तू गाडी चालवून दमलास, मी करतो’ म्हणून कानटोपी घालून बाहेर पडतात, आणि आपल्यालाही नाही म्हणणं जड जातं. पण हिशेब करून बघा. तीन मीटर रुंद, पंधरा मीटर लांब ड्राइव्हवेवर दोन फूट बर्फ म्हणजे सुमारे २७ घनमीटर. नुकता पडलेला बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. आठवडाभर बसलेला, दबलेला बर्फ सहज २०० किलो भरतो, म्हणजे एकूण पाच टनांच्या पुढे. रस्त्याच्या तोंडाशी प्लाऊने दाबलेला ढीग तर ओल्या वाळूइतका जड लागतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, रक्तदाब चढलेला असतो, हातांनी उचलताना श्वास रोखला जातो, आणि दोन दिवस गाडीत बसून शरीर आखडलेलं असतं. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये १९८१ ते २०१४ च्या नोंदी तपासल्या तेव्हा जोरदार बर्फानंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराचे झटके वाढलेले आढळले. त्यात दक्षिण आशियाई वंश हाच हृदयरोगाचा धोका वाढवणारा घटक आहे, असं अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवलेलं आहे. पर्वती चढणं वेगळं आणि हे वेगळं. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात आमच्या ईरी काउंटीत ४० हून अधिक माणसं गेली, आणि त्यात बर्फ काढताना हृदय बंद पडून गेलेलेही होते. बाबांना आत चहा टाकायला सांगा. रागावले तरी चालेल.

तुम्हालाही त्याच रात्री सगळं काढायची गरज नाही. दारापासून रस्त्यापर्यंत माणूस जाईल एवढी वाट करा आणि झोपा. सकाळी अर्धा अर्धा तास करा. खोल बर्फ एका घासात उचलायचा नसतो. वरचा थर आधी, मग खालचा. शक्य तिथे उचलण्याऐवजी ढकला. आणि एक युक्ती, जी मला इथल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी शिकवली: घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलंत की प्लाऊ तुमच्या समोरून डावीकडून उजवीकडे जातो. म्हणून काढलेला बर्फ उजव्या बाजूला टाका आणि डाव्या बाजूला रस्त्याच्या कडेला थोडी जागा रिकामी करून ठेवा. प्लाऊ आपलं ओझं त्या रिकाम्या जागेत सोडतो आणि तुमच्या तोंडाशी कमी साचतं. स्नोब्लोअर (बर्फ उडवून बाजूला फेकणारं मशीन) आणलात तर त्याच्या तोंडात अडकलेला बर्फ कधीही हाताने काढू नका, मशीन बंद केलं असलं तरी. आतली पाती ताणामुळे फिरू शकतात आणि बोटं जातात.

छतावर चढू नका. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या रेकने कडेचा तीन-चार फुटांचा पट्टा ओढला तरी पुष्कळ होतं.

मीठ मारताना तापमान बघा. साधं मीठ साधारण १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही, त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड आणा. घरासमोर फायर हायड्रंट (अग्निशामक दलाचा पाण्याचा नळ) असेल तर तोही मोकळा करा, आणि टपालपेटीसमोरची जागाही, नाहीतर पोस्टमन टपाल टाकणार नाही.

यातलं बरंचसं काम खरं तर निघण्याआधीच होतं. पिकअपला प्लाऊ लावून हंगामाचं कंत्राट घेणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. तुम्ही नसतानाही ते येऊन ड्राइव्हवे साफ करतात, आणि घर रिकामं आहे हे चोराला कळत नाही. ड्राइव्हवेच्या कडांना चमकणाऱ्या काठ्या जमीन गोठण्याआधी ठोका, नाहीतर प्लाऊवाल्याला हिरवळ कुठे सुरू होते ते दिसत नाही. एक किल्ली शेजाऱ्यांकडे द्या आणि त्या दोन पांढऱ्या पाइपांपाशी नेऊन त्यांना ते दाखवून ठेवा. संकोच करू नका. २०२२ च्या त्याच वादळात विल्यम्सविलमधल्या एका जोडप्याने दारात येऊन फावडं मागणाऱ्या दक्षिण कोरियाच्या अनोळखी पर्यटकांना नाताळभर घरात ठेवून घेतलं होतं. तुम्ही तर शेजारी आहात. जाताना पाइप बघायला सांगा, येताना त्यांच्यासाठी फ्लोरिडाची संत्री घेऊन या. प्लाऊवाल्याला मात्र याच आठवड्यात फोन करा, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर त्यांच्याकडे जागा मिळणं कठीण होतं.