एका रेषेत तीन प्रभार: टोकाच्या प्रभारावर बल किती?
तुम्ही विचारलेल्या गणितात प्रभार ओळीने +2, −3 आणि +4 मायक्रोकूलॉम, शेजारच्या दोघांत 10 सेंमी अंतर. बल हवंय +4 वर. नौपाड्यात बारावीच्या मुलांना शिकवताना मी या तीन प्रभारांना ओळीने ठाणे, कळवा, मुंब्रा अशी नावं देतो.

सूत्र कूलॉमच्या नियमाचं: स्थिरांक 9×10⁹ गुणिले दोन्ही प्रभार, भागिले अंतराचा वर्ग. कळवा मुंब्र्याला ओढतो: 9×10⁹ × 3×10⁻⁶ × 4×10⁻⁶ ÷ (0.1)² = 10.8 न्यूटन. ठाणे त्याला ढकलतं, पण तिथे अंतर 0.2 मीटर घ्या! मुलं हमखास 0.1 च लिहितात आणि हातातले मार्क जातात. बल येतं 1.8 न्यूटन, ठाण्यापासून दूर. मध्ये कळवा आहे म्हणून ते अडत नाही. वजाबाकी करा: 9 न्यूटन, कळव्याच्या दिशेने.

आणि उणे चिन्ह सूत्रात घालू नका. आधी वहीत बाण काढा, दिशा तिथेच ठरते.