गच्चीच्या कोब्यात फास्टनर मारून सोलर, एसी आणि टाकी बसवावी का?

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात पोवई नाक्याजवळ तळमजला अधिक दोन मजल्यांची व्यापारी इमारत, गच्चीवर बारा वर्षांचा ब्रिकबॅट कोबा. तिथे 10 किलोवॉटचं सोलर, व्हीआरएफ एसीची (एका बाहेरच्या युनिटवर अनेक खोल्या थंड करणारा एसी) प्रत्येकी 250 किलोची दोन बाहेरची युनिटं आणि 5000 लिटरची टाकी बसवायची आहे. ठेकेदार म्हणतो, कोब्यात फास्टनर (भोकात फाकून पकडणारा बोल्ट) मारू आणि वरून वॉटरप्रूफिंगचं केमिकल लावू. हे चालेल का, आणि पुढची देखभाल कशी करायची?

फास्टनर मारू देऊ नका. कोबा म्हणजे स्लॅब नव्हे. स्लॅबवर मालाचा थर, त्यात बसवलेले विटांचे तुकडे आणि वर चौकोनी रेघा मारलेलं सिमेंटचं फिनिशिंग. पावसाळी पाइपाच्या तोंडाशी हा थर 75 मिलीमीटर असेल, तर लांबच्या टोकाला उतारामुळे 150 होतो. बाजारात सहज मिळणारा 75 मिलीमीटरचा फास्टनर त्या थरातच संपतो. विटेच्या तुकड्यात तो फाकला की वीट फुटते, पकड येतच नाही. लांब फास्टनर घेतला तर तो कोबा भेदून स्लॅबमध्ये शिरतो आणि पाण्याला आयती वाट करून देतो.

वरून लावलेलं केमिकल पहिला पावसाळा तारून नेतं, म्हणूनच ठेकेदार छातीठोक सांगतो. पण लोखंड उन्हात तापून वाढतं, कंप्रेसर चालू असताना थरथरतं आणि वाऱ्याने हलतं. वाळून कडक झालेलं केमिकल त्याच्याभोवती केसाएवढी फट सोडतं. आषाढात इथे दिवसेंदिवस ऊन न पडता भुरभुर चालते, तेव्हा तेवढी फट पुरते. कोबा ते पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो आणि आतल्या आत सरकवतो. म्हणून गळती भोकाखाली न दिसता चार-पाच मीटरवर, स्लॅबला जिथे चीर असेल किंवा पंख्याचा पॉइंट असेल तिथे दिसते. मग लोक त्या जागेच्या वर पुन्हा केमिकल ओततात आणि खरी जागा तशीच राहते.

आधी वजनाचा हिशेब करा. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 या भारतीय मानकाच्या भाग 2 मध्ये चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो, इतका चल भार (माणसं, सामान असं बदलतं वजन) धरतात. तुमची 5000 लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच 5 टन. टाकीचा व्यास 1.8 मीटर असेल तर बूड अडीच चौरस मीटरचं, म्हणजे चौरस मीटरला 2000 किलो. स्लॅबच्या मधोमध ही टाकी ठेवणं हा धोका आहे, भले ती शेजारच्या गच्चीवर वर्षानुवर्षं तशी उभी असो. टाकीचं वजन कॉलमवर किंवा दोन बीमवर टेकवलेल्या आय सेक्शनवरूनच (इंग्रजी I आकाराची लोखंडी तुळई) खाली गेलं पाहिजे. शक्य असेल तर एका टाकीऐवजी 2500 लिटरच्या दोन घ्या आणि वेगवेगळ्या कॉलमजवळ ठेवा.

एसीची युनिटं त्या मानाने हलकी. 250 किलो चार पायांवर वाटले तर पायाला साठ-पासष्ट किलो. तिथे वजनापेक्षा स्टँडच्या लोखंडी अँगलची धारदार कड त्रास देते. ती कोब्यात रुतते, फिनिशिंग फोडते आणि त्या खळग्यात पाणी साचतं.

बीम कुठे आहेत ते वरून कळत नाही. इमारतीचं आरसीसी ड्रॉइंग शोधा. नसेल तर वरच्या मजल्यावर फॉल्स सीलिंगच्या दोन-तीन पाट्या काढून कॉलमची अंतरं मोजा आणि तीच मापं कठड्यापासून धरून गच्चीवर खडूने आखा. त्या आखणीवर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून टाकीचे आणि फ्रेमचे पाय कुठे येतील ते ठरवून घ्या.

पाय कसा उभारायचा ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गळती इथेच जन्मते. 300 बाय 300 मिलीमीटरचा पेडेस्टल, म्हणजे काँक्रीटचा छोटा खांब, हवा असेल तर कोबा साधारण एक मीटर चौरस, कटरने सरळ कापून, स्लॅबपर्यंत काढा. हातोड्याने अंदाजे फोडू नका, आजूबाजूचा कोबा सुटा होतो. कॉलम किंवा बीमच्या डोक्यावर 12 मिलीमीटरच्या चार सळयांसाठी 16 मिलीमीटरची भोकं, खोली 150 च्या आसपास. मग भोक फुंकायचं, ब्रशने घासायचं, पुन्हा फुंकायचं. हे फुंकणं-घासणं कामगार टाळतात, आणि धुळीवर बसलेलं अँकर केमिकल (सळई भोकात चिकटवणारं) हाताने ओढलं तरी सळईसकट निघून येतं. केमिकल भोकाच्या तळापासून वर भरत यायचं. नंतर बाँडिंग कोट (जुनं-नवं काँक्रीट चिकटवणारा थर) आणि एम 25 ताकदीचं काँक्रीट. पेडेस्टलचा माथा कोब्याच्या तयार पातळीपेक्षा निदान 300 मिलीमीटर वर हवा. त्यापेक्षा कमी ठेवलात तर फ्रेमखाली झाडू जात नाही, आणि पुढे वॉटरप्रूफिंग करायची वेळ आली की सगळी मशिनरी उचलावी लागते.

बोल्ट काँक्रीट ओततानाच बसवा, बेसप्लेटच्या (फ्रेमच्या पायाखालची लोखंडी पाटी) भोकांचा पत्र्याचा साचा करून. नंतर बोल्ट वाकवून जुळवणं म्हणजे पेडेस्टलला चीर देणं. काँक्रीट झालं की उघड्या स्लॅबवर आणि पेडेस्टलच्या बाजूंवर किमान 150 मिलीमीटर उंचीपर्यंत पॉलिमर कोटिंगचे दोन हात, कोपऱ्यात गोल वाटा (सांध्यावर सिमेंटचा गोलसर उतार), मग कोब्याचा तुकडा परत भरायचा आणि त्यावर आठवडाभर पाणी. पेडेस्टलचा माथा सपाट न ठेवता बेसप्लेटच्या बाहेर चारी बाजूंना थोडा उतरता करा.

एक गोष्ट साताऱ्यात जवळजवळ प्रत्येक गच्चीवर दिसते: पुढच्या मजल्यासाठी वर सोडलेल्या कॉलमच्या सळया. त्या गंजतात, गंज फुगतो, कॉलमचं डोकं फुटतं आणि पाणी सळईच्या कडेने खाली उतरतं. तुमच्याकडे असतील तर त्याच तुमच्या आधाराच्या सर्वांत चांगल्या जागा. वायरब्रशने गंज काढा, गंजरोधक कोट द्या आणि सळया पेडेस्टलमध्येच गाडून टाका. मजला खरोखर चढवायचा असेल तर सळयांच्या टोकांभोवती कमी सिमेंटचं काँक्रीट भरा. ते नंतर फोडता येतं, आणि तोवर सळई झाकलेली राहते.

सोलरचा प्रश्न वजनाचा नाही, वाऱ्याने उचललं जाण्याचा आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत तो वारा शहरातही येतो, आणि वैशाखातला वळीव तर गच्चीवरचं सगळं सैल सामान तपासून जातो. वाऱ्याच्या मानकात पुण्यासाठी 39 मीटर प्रति सेकंद हा मूळ वेग आहे. तोच धरला तर दाब चौरस मीटरला साधारण 93 किलो येतो. 550 वॉटचं एक पॅनल अडीच चौरस मीटरपेक्षा थोडं मोठं आणि वजनाला 28 किलोच्या आसपास. म्हणजे वर ओढणारं बळ 240 किलो आणि खाली धरणारं, फ्रेमचा वाटा धरून, जेमतेम 50. कडेला आणि कोपऱ्यात ओढ आणखी वाढते, म्हणून कठड्यापासून एक मीटर जागा मोकळी सोडा.

भोक न पाडता नुसत्या ठोकळ्यांवर बसवायचं म्हटलं तर 18 पॅनलना साडेतीन टनांच्या आसपास काँक्रीट ठेवावं लागेल. 300 मिलीमीटरचा घन ठोकळा 65 किलोचा, म्हणजे पन्नासच्या वर ठोकळे. इतकं वजन या स्लॅबवर मी सुचवणार नाही. बीमच्या ओळीवर सळईने बांधलेले पेडेस्टल आणि 10 ते 15 अंशांचा कमी कल, हे बरं. खाली बसायला जागा होते म्हणून तीन मीटर उंच स्ट्रक्चर करायची पद्धत पडली आहे. तिथे वारा छत्रीसारखा खालून भरतो. ते करायचंच असेल तर इंजिनिअरचं डिझाइन आणि तिरके आधार (ब्रेसिंग) याशिवाय नको.

फ्रेम हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून काढलेली) घ्या आणि भोकं कारखान्यातच पाडून घ्या. गच्चीवर वेल्डिंग केलं की त्या जागेचं झिंक जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. चुकून केलंच तर घासून झिंकरिच प्रायमरचे दोन हात द्या. एसीखाली रबर पॅड देता तेव्हा बोल्टलाही रबरी बुश आणि वॉशर हवा, नाहीतर थरथर बोल्टवाटे थेट स्लॅबमध्ये उतरते आणि खालच्या मजल्यावर घूं घूं ऐकू येते.

पाइप आणि केबल ट्रे कोब्यावर लोळू देऊ नका. पानं अडतात, पाणी तुंबतं. दर दीड मीटरला रबर पॅडवरचा आधार द्या, कोब्यापासून 150 मिलीमीटर वर. गरम पाण्याची सीपीव्हीसी (प्लास्टिक पाइपाची) लाइन 20 मीटरची असेल तर 30 अंशांच्या फरकाने ती जवळजवळ 40 मिलीमीटर वाढते, म्हणून प्रत्येक क्लँप आवळू नका, मध्ये एक वळण ठेवा. तांब्याच्या पाइपावरचा काळा फोम उन्हात दोन वर्षांत भुगा होतो, त्यावर पत्र्याचं आवरण हवंच. आणि पाइप खाली न्यायला स्लॅबला भोक पाडण्यापेक्षा जिन्याच्या कॅबिनच्या भिंतीतून आत घ्या.

देखभालीच्या दोन फेऱ्या पुरतात: मेच्या मध्यात आणि दसऱ्यानंतर. मेमध्ये पावसाळी पाइपांच्या जाळ्या काढून आत पाणी सोडून बघा. 100 मिलीमीटरच्या एका पाइपाला 40 चौरस मीटरपेक्षा जास्त गच्ची असेल तर पाइप वाढवा. नट घट्ट केल्यावर नट आणि बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे लांबूनच कळतं. वाट्यातल्या चिरा 10 मिलीमीटर खोल कापून पॉलीयुरेथेन सीलंटने भरा, आणि जागा पूर्ण कोरडी असतानाच. दसऱ्यानंतर पिंपळाची रोपं शोधा. नुसती खुडली तर मूळ कोब्यात जाड होत राहतं, मुळासकट काढून जागा भरा. जुन्या कोब्यावर नवा कोबा मात्र कधीही टाकू नका. 100 मिलीमीटर जाडीला चौरस मीटरला सुमारे 200 किलो वजन वाढतं, म्हणजे स्लॅबला दिलेल्या चल भारापेक्षाही जास्त.

वर्क ऑर्डरमध्ये पाण्याच्या दोन चाचण्या लिहून घ्या. कामाआधी पाइपांची तोंडं बंद करून 48 तास 50 मिलीमीटरपर्यंत पाणी उभं करायचं आणि खालच्या छताचे फोटो काढायचे. काम संपल्यावर तेच पुन्हा. आधीची ओल कुठली आणि नवी कुठली, हा वाद त्यामुळे उरत नाही. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता दुसऱ्या चाचणीनंतरच द्या.