भिंतीपलीकडचं भुंकणं

प्रश्न : ताई, आमच्या घराला लागून असलेल्या घरात दोन कुत्री आहेत. सकाळी तिथली माणसं कामाला गेली की त्यांचं भुंकणं सुरू होतं, ते संध्याकाळपर्यंत चालू-बंद चालू-बंद. रात्रीही मधूनच उठतात. मी घरून काम करते, सासूबाईंचं वय झालंय, त्यांची झोप मोडली की पुन्हा लागत नाही. एकदा मी शेजाऱ्यांकडे विषय काढला, तर म्हणाले, ‘आमची दोघं तर किती शांत असतात!’ तेव्हापासून बोलणंच खुंटलंय. कुत्र्यांवर माझा राग नाही. पण आता ती गप्प असली तरी माझे कान तिकडेच लागलेले असतात. काय करू?

उत्तर : आधी सासूबाईंबद्दल. त्यांची तक्रार म्हातारपणाची कुरकुर समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वस्तीतल्या गोंगाटाबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. झोपायच्या खोलीत मधूनच येणारा एखादा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं त्यांत म्हटलं आहे. मोठं कुत्रं जवळून भुंकलं तर आवाज सहज ९० डेसिबलच्या आसपास जातो. ऑस्ट्रेलियातल्या एका गोल्डन रिट्रीव्हरचं भुंकणं २०१२ साली ११३.१ डेसिबल मोजलं गेलं, तो विक्रम आहे. मध्ये भिंत असली तरी खिडकी उघडी असेल, तर यातलं बरंच आत येतं. शिवाय भुंकणं एकसारखं नसतं. थांबतं, पुन्हा उसळतं. पंख्याच्या आवाजाची सवय होते तशी त्याची होत नाही.

आता शेजाऱ्यांचं ते वाक्य. तुम्हाला ते उडवून लावल्यासारखं वाटलं, पण माझ्या मते ते खरं बोलत होते. मी लोकांच्या घरी जाऊन कुत्र्यांचं वागणं बघते, आणि ‘आमचा तर अगदी शांत’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरी ऐकते. माणसं घरात असताना तो खरोखरच शांत असतो. ती बाहेर पडली की जे सुरू होतं, ते त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं. तेव्हा ‘तुमची कुत्री फार भुंकतात’ असं सांगायला गेलात, तर त्यांच्या कानी ते खोटंच पडणार. त्यांना ते ऐकवावं लागेल.

त्यासाठी एक आठवडा वही ठेवा. भुंकणं कधी सुरू झालं, कधी थांबलं आणि त्याच्या जरा आधी काय झालं, एवढं लिहायचं. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. फाटक वाजलं का? कुणी दारावरून गेलं का? मालकांची गाडी निघाल्यावर किती वेळाने पहिला आवाज आला? सोबत फोनवर दोन-चार वेळा आवाज टिपून ठेवा, तुमच्याच घरात बसून, खिडकी नेहमी असते तशी ठेवून. त्यांच्या घराकडे कॅमेरा वळवू नका, त्यातून नवंच भांडण उभं राहील.

‘दिवसभर भुंकतात’ म्हणणाऱ्या एका बाईंना मी अशी वही ठेवायला लावली होती. आठवड्याने दिसलं की जवळजवळ सगळं भुंकणं फाटकावरून माणसं जायच्या वेळांनाच होत होतं. तिथल्या मालकांनी फाटकाच्या जाळीला खालून कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत आडोसा लावला, आणि त्रास पुष्कळच उतरला. कुत्र्याच्या बाजूने बघा : तो भुंकतो, आणि रस्त्यावरचा माणूस निघून जातो. माणूस तसाही जाणारच होता, पण कुत्र्याला वाटतं आपण भुंकलो म्हणून गेला. दिवसातून कितीतरी वेळा त्याचं भुंकणं असं ‘यशस्वी’ होतं. मग तो ते का सोडेल?

वही लिहिताना आवाजाचा पोतही ऐका. सोफिया यिन या पशुवैद्य बाईंनी २००२ साली दाखवलं की अनोळखी चाहूल लागल्यावरचं भुंकणं खालच्या पट्टीतलं, खरखरीत आणि लागोपाठचं असतं. एकटं पडलेलं कुत्रं वरच्या पट्टीत, एकेक सुटं भुंकतं. बुडापेस्टमध्ये पेटर पोंग्राट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना नुसते टिपलेले आवाज ऐकवले, तर कुत्रं कधीच न पाळलेल्यांनाही प्रसंग बऱ्यापैकी ओळखता आले. म्हणजे हे कान तुमच्याकडेही आहेत.

तुमच्या पत्रावरून दिवसाचं भुंकणं मला एकटेपणाचं वाटतं. माणसं गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात सुरू होत असेल, मध्ये हेल काढून रडल्यासारखं येत असेल, दार खरवडल्याचा आवाज असेल, तर ही खोड नव्हे, ती भीती आहे. कुत्रं त्या वेळी खरोखर घाबरलेलं असतं. दोन कुत्री असल्याने एकटं वाटत नसेल, असं लोकांना वाटतं, पण माणूस गेल्याची भीती दुसऱ्या कुत्र्याच्या सोबतीने जातेच असं नाही. बऱ्याचदा त्या जोडीतलं एकच सुरुवात करतं आणि दुसरं त्याला साथ देतं. सुरुवात कोण करतं ते वहीत लिहा. उपाय मुख्यतः त्याच्यावर करायचा असतो.

रात्रीचं वेगळं काढा. रात्री मांजर फिरकलं, बाहेरचं कुत्रं गेलं, अशी साधी कारणं असतात, आणि कुत्र्यांना आत झोपवलं की ती मिटतात. पण त्यांतलं एखादं म्हातारं असेल, तर मालकांना जरूर सांगा. माणसांना विस्मरण होतं तसा आजार म्हाताऱ्या कुत्र्यांनाही होतो. दिवसा झोपतात, रात्री घरात हरवल्यासारखी फिरतात, उगाच भुंकतात. सांधेदुखी, कमी झालेलं ऐकू येणं, यांनीही रात्र बिघडते. अशा वेळी शिस्त लावायला जाऊ नये, पशुवैद्यांकडे न्यावं.

आता बोलायचं कसं. भुंकणं चालू असताना जाऊ नका, तेव्हा तुमचा आवाजही चढलेला असेल. ते कामावरून दमून दारात पोचतात तेव्हाही नको. सुटीच्या दिवशी आधी विचारून जा, आणि आपल्या त्रासाने सुरुवात न करता कुत्र्यांपासून करा : ‘तुम्ही गेलात ना, की थोड्या वेळात दोघं फार रडायला लागतात हो. तुम्ही असताना शांत असतात, म्हणून तुम्हाला कळलं नसणार. मी आवाज टिपलाय, ऐकता का?’ मग थांबा. त्यांना पुरतं ऐकू द्या. आपलं कुत्रं मागे असं रडतं हे बहुतेकांना ऐकवत नाही. त्यानंतर सासूबाईंच्या झोपेचं सांगा, आणि एकच गोष्ट मागा. रात्री ती आत झोपावीत, किंवा दिवसा खिडकीचा पडदा ओढून जावा. पहिल्याच भेटीत पाच मागण्या ठेवल्या तर एकही पुरी होत नाही.

त्याच भेटीत त्यांचा नंबर घ्या आणि विचारा, ‘रात्री फार झालं तर फोन केला तर चालेल ना?’ याला मी इतकं महत्त्व का देते? कान सतत तिकडे लागलेले असतात, असं तुम्ही लिहिलंय. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली आपले गोंगाटावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत काही जणांना आवाज बंद करायचं बटण दिलं होतं, आणि शक्यतो ते दाबू नका असं सांगितलं होतं. त्यांनी ते दाबलं नाही, आवाज इतरांइतकाच ऐकला, तरी नंतरच्या कामात ते इतरांपेक्षा बरे ठरले. आवाजाइतकंच आपण काहीच करू शकत नाही हे माणसाला पोखरतं. शेजाऱ्यांनी मनापासून दिलेला नंबर म्हणजे तुमचं ते बटण. वापरावं लागेल न लागेल, पण झोपताना ते हाताशी हवं.

कुत्र्यांशी ओळखही करून घ्या, मालकांच्या देखत. त्यांना तुमचा वास घेऊ द्या, डोळ्यांत रोखून बघू नका, वरून डोक्यावर हात नेऊ नका. ओळखीच्या पावलांवर कुत्री कमी भुंकतात. भिंतीवरून खायला मात्र टाकू नका, विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. चॉकलेट, मनुका, कांदा ही आपली साधी खाणी त्यांना विषारी असतात. शिवाय भुंकल्यावर खाऊ आला, तर भुंकणं वाढतं.

हे सगळं होईपर्यंत सासूबाईंची खाट त्या भिंतीपासून सर्वांत लांबच्या खोलीत हलवा. खिडक्यांच्या आणि दाराखालच्या फटी बुजवा, आवाज पाण्यासारखा फटीतून शिरतो. पंखा किंवा पावसाचा टिपलेला आवाज हळू लावून ठेवला तर भुंकण्याचे झटके बोथट होतात.

दोन-तीनदा नीट बोलूनही काही हललं नाही, तर हीच वही घेऊन तुमच्या सोसायटीकडे किंवा स्थानिक प्रशासनाकडे लेखी जा. तारखा आणि वेळा असलेली तक्रार कुणालाही बाजूला सारणं कठीण जातं. बिननावाची चिठ्ठी टाकू नका. ती वाचून माणूस भिंतीपलीकडच्या प्रत्येकावर संशय घेतो, आणि समेटाचं दार बंद होतं. आणि कुत्री दिवसदिवस साखळीला, उन्हात, पाण्याविना दिसत असतील, तर तक्रारीचा विषय आवाज नाही, तो प्राण्यांच्या हालांचा आहे. प्राणिकल्याणाचं काम करणाऱ्यांना लगेच कळवा.

प्रश्न : माणसांना ऐकू येत नाही पण कुत्र्यांना येतो अशा आवाजाचं यंत्र मिळतं. ते आमच्या खिडकीत लावलं तर शेजारचा कुत्रा गप्प बसेल का?

उत्तर : लावू नका. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंत, आणि हे यंत्र त्या मधल्या पट्टीत किंचाळतं. काही कुत्री दचकून थांबतात, काहींना लवकरच त्याची सवय होते. घाबरून भुंकणाऱ्याला त्याने आणखी घाबरवलं जातं. शिवाय तो आवाज दोषी-निर्दोषी बघत नाही. शेजारची इतर कुत्री, मांजरं, सगळ्यांनाच तो सोसावा लागतो. दुसऱ्याच्या जनावराला त्याच्या माणसांच्या नकळत शिक्षा देण्याचा हक्क आपल्याला नाही, असं मी अगदी ठामपणे मानते.

झटका देणाऱ्या पट्ट्याचंही तेच. वेल्समध्ये २०१० सालापासून त्यावर बंदी आहे. आणि स्वरतंतू कापून कुत्र्याचा आवाज काढून टाकणं तर युरोपातल्या पाळीव प्राण्यांच्या १९८७ च्या करारानेच निषिद्ध ठरवलं. भीती जिथल्या तिथे ठेवून फक्त तोंड बंद करायचं, याला उपाय म्हणू नये.

प्रश्न : मी उलट्या बाजूची आहे. शेजारी सांगतात, आम्ही गेलो की आमची कुत्री अखंड भुंकते. ओरडून झालं, काही फरक नाही. तिला देऊन टाकावं लागेल का?

उत्तर : नाही, इतक्यात तो विचारही नको. आणि ओरडणं आजपासून थांबवा. तुम्ही परत आल्यावर रागावता तेव्हा तिला मागच्या चार तासांचा हिशोब लागत नाही, एवढंच कळतं की तुमचं येणंही भीतीचं आहे.

घरात जुना फोन असेल तर तो कॅमेरा म्हणून लावून बाहेर पडा आणि बघा. ती खिडकीतून बाहेर बघून भुंकते आहे, तर पडदा आणि जागा बदलणं यानेच बरंच काम होईल. दाराशी येरझाऱ्या, धापा, लाळ, रडणं दिसलं, तर एकटं राहायला तिला शिकवावं लागेल. किल्ली उचला आणि पुन्हा बसा. चपला घाला, काढा. दाराबाहेर काही सेकंद जा, ती घाबरायच्या आत परत या, येताना फार कौतुक करू नका. वेळ हळूहळू वाढवा. ती रडायला लागली म्हणजे तुम्ही फार पुढे गेलात, मागच्या पायरीवर या. शिकवणं चालू असताना तिला पूर्ण दिवस एकटं ठेवलंत तर शिकलेलं पुसलं जातं, म्हणून तेवढ्या आठवड्यांपुरती कुणाची तरी सोबत बघाच.

जायच्या आधी तिला फिरवा, पण घाईने ओढत नको. वास घेत घेत, तिच्या चालीने. हुंगण्याने कुत्रं जितकं निवतं तितकं पळवून निवत नाही. संगीताचाही थोडा हातभार लागतो. डेबोरा वेल्स या संशोधक बाईंनी २००२ साली निवाऱ्यातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवलं, तेव्हा पाश्चात्त्य अभिजात संगीताने ती जास्त पहुडली आणि हेवी मेटलने जास्त भुंकली.

एवढं करूनही भीती हटत नसेल, तर पशुवैद्यांशी औषधाबद्दल बोला. फ्लुऑक्सेटीन आणि क्लोमिप्रामीन ही औषधं या विकारासाठी शिकवणीच्या जोडीने देतात. घरातल्या माणसाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या अंदाजाने कधीही देऊ नका.

शेजाऱ्यांना आजच सांगा की तुम्ही हे सुरू केलंय, वेळ लागेल, आणि रोज संध्याकाळी तुम्हीच त्यांना विचारणार आहात की आज किती वेळ भुंकली. तुम्ही घरात नसतानाचे तुमचे कान तेच आहेत.