पार्ट बदलण्याआधी : जुन्या पिकअपविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांतल्या बहुतेक गाड्या बारा ते अठरा वर्षं जुन्या आहेत. कुणाची टाटाची टू-झिरो-सेव्हन, कुणाची बोलेरो पिकअप, कुणाचा छोटा हत्ती म्हणजे टाटा एस. या गाडीवर घर चालतं, आणि ती दोन दिवस उभी राहिली की माल शेतात सडतो. त्यामुळे घाईघाईत जो भेटेल तो सांगेल तो पार्ट बदलला जातो, पैसे जातात आणि दुखणं तिथंच राहतं. आयुष्य गाड्यांखाली आडवं पडून काढल्यावर माझी कळकळीची विनंती एकच आहे. आधी दोष सापडू द्या, मग पाना लावा.

निफाडहून एक टोमॅटो उत्पादक लिहितात : माझी टाटा २०७ डीआय २००८ ची आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी दहा-बारा वेळा सेल्फ मारावा लागतो, मग भकाभक पांढरा धूर सोडून चालू होते. नंतर दिवसभर अर्ध्या सेल्फवर. टाकी फुल असली की त्रास कमी वाटतो. फिटर म्हणतो, डिझेलचा मोठा पंप उतरवून कॅलिब्रेशनला (माप जुळवायला) द्या. देऊ का?

पंप उतरवू नका. टाकीबद्दलचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळं उत्तर त्यातच आहे. पंप झिजला असता तर टाकी भरलेली की अर्धी, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. तुमची गाडी हवा घेते आहे.

टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप म्हणजे फीड पंप. टाकीपासून त्याच्यापर्यंतची लाइन ही ओढणारी बाजू. तिथं बारीकशी फट असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून खाली थेंब पडलेला दिसत नाही आणि फिटरचंही लक्ष जात नाही. रात्रभरात त्या फटीतून हवा शिरते, लाइनमधलं डिझेल टाकीत उतरतं, आणि सकाळी पंपाला नुसती हवा मिळते.

उद्या सकाळी सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघडा आणि फीड पंपावरचा हँडपंप मारून बघा. पहिले पंधरा-वीस फटके पोकळ, हलके लागले आणि मग एकदम हाताला जड लागलं, तर थांबा आणि सेल्फ मारा. गाडी एका झटक्यात चालू झाली तर हवा घेते हे सिद्ध झालं. पंप निर्दोष सुटला.

आता फट शोधायची. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, तो इंजिनापेक्षा उंचावर घट्ट बांधा आणि डिझेलच्या नळीने थेट फीड पंपाच्या इनलेटला जोडा. हवा काढा, इंजिन थोडं चालवून बंद करा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी पटकन चालू झाली तर दोष टाकी ते फीड पंप यामध्ये. नाही झाली तर फिल्टर आणि त्याच्या पुढे बघायचं. ही चाचणी उभ्या गाडीवरच करायची, कॅन बांधून रस्त्यावर जायचं नाही.

तुमच्या बाबतीत माझा संशय टाकीतल्या सक्शन पाइपवर आहे. हा लोखंडी पाइप वरच्या भागात गंजतो आणि त्याला टाचणीएवढं भोक पडतं. टाकी भरलेली असते तेव्हा ते भोक डिझेलमध्ये बुडालेलं असतं, म्हणून त्रास नाही. पातळी खाली गेली की भोक उघडं पडतं. पाइप बाहेर काढा, एक टोक बोटाने दाबून धरा, पाइप पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाने फुंका. बुडबुडा कुठून येतो ते दिसेल.

पाइप चांगला निघाला तर रबरी नळ्यांची कडक झालेली टोकं, फिल्टरच्या वाटीचा ओ-रिंग आणि बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर बघा. वॉशर नवेच घाला. दुकान लांब असेल तर जुना वॉशर चिमट्यात धरून लालभडक तापवा आणि पाण्यात बुडवा. तांबं मऊ पडतं आणि पुन्हा नीट बसतं.

शेवटी फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत हँडपंप मारा. पण हे वाचणाऱ्या कुणाची गाडी कॉमन रेलची (खूप जास्त दाबाने डिझेल फवारणारी) असेल, तर नोजलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या लाइनचा नट सैल करून हवा काढायला जाऊ नका. तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जातं. ती धार कातडी फोडून आत शिरते, आणि जखम बारीक दिसली तरी हात गमावायची वेळ येते.

लांज्याहून एक आंबा वाहतूकदार : जुनी बोलेरो पिकअप. कोल्हापूरला पेट्या घेऊन जाताना फक्त आंबा घाटात काटा लालवर जातो, सपाटीला काही नाही. रेडिएटर दोनदा रॉडिंग करून आणला. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह) फिटरने काढून टाकलाय.

सपाटीला गाडी पळते तेव्हा रेडिएटरवर समोरून वारा आदळतो. घाटात लोड घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढताना तो वारा नसतो, सगळी भिस्त फॅनवर असते. म्हणून रेडिएटरच्या आधी फॅन बघायला हवा होता. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण दहा-बारा मिलिमीटर दबला तर ठीक, जास्त दबला तर तो लोडवर घसरतो. फॅनला व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर फॅनला पकडणारा) असेल तर इंजिन चांगलं गरम असताना बंद करा, फॅन पूर्ण थांबू द्या आणि हाताने फिरवा. हाताला जडपणा लागला पाहिजे. झोका दिल्यासारखा गरागरा फिरत राहिला तर क्लच संपलाय. आणि फॅनभोवतीचं श्राउड, म्हणजे आवरण, जागेवर आहे ना? पुष्कळ जुन्या गाड्यांत कामाच्या वेळी काढलेलं श्राउड परत लागतच नाही. ते नसेल तर फॅन रेडिएटरमधून वारा ओढायच्या ऐवजी इंजिनाचीच गरम हवा घुसळत बसतो.

रॉडिंगने आतल्या नळ्या साफ होतात, बाहेरच्या पापुद्र्यांत अडकलेली माती आणि किडे तसेच राहतात. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी जोराच्या पाण्याने धुवा. प्रेशर गनने पापुद्रे वाकतात.

रेडिएटरचं झाकणही बदला. पाणी दाबाखाली असलं की उशिरा उकळतं. झाकणाचं रबर मेलं की तो दाब राहत नाही.

थर्मोस्टॅट परत बसवा. काढून टाकलं की बरं वाटतं, पण इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं. बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन त्यात टांगा आणि तापवा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडताना दिसला पाहिजे.

हे सगळं करूनही गरम झाली तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) तपासा. थंड इंजिनावर झाकण उघडून गाडी चालू करा. पाण्यात सलग बुडबुडे येत राहिले आणि रेस केल्यावर वाढले, तर कॉम्प्रेशन पाण्यात जातंय. तिथून पुढचं काम गॅरेजचं.

आणि घाटात उकळलीच, तर गाडी बाजूला घ्या. गरम झाकणाला हात लावू नका आणि इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

सासवडहून एक ताई : दादा, बाबांचा २०११ चा छोटा हत्ती आता मी चालवते, भाजी मार्केट यार्डला नेते. सेल्फ मारला की नुसता 'कट' आवाज. वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या.

ताई, तिसरी आणू नका. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले, तर बॅटरी भरलेली आहे. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरा. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंग खराब आहे. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट हेही असंच मोजा.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला चासीशी जोडणारी जाड अर्थ पट्टी लागते. ती गंजली किंवा तुटली की सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने परततो. सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली, तर मीटरचीही गरज नाही. पट्टी काढा, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज सँडपेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा, नवी पट्टी घट्ट आवळा. चालू इंजिनावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात का तेही एकदा बघा. म्हणजे अल्टरनेटरचा संशय मिटेल.

जालन्याहून : ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू खाली बसतं. ब्रेक ऑइल मात्र कमी होत नाही. चालवत राहिलं तर चालेल का?

नाही चालणार. आज, आत्ता गाडी उभी करा. ऑइल बाहेर गळत नाही आणि पेडल बसतंय, म्हणजे मास्टर सिलिंडरमधलं (पेडलने ऑइल दाबणाऱ्या सिलिंडरमधलं) रबर झिजून ऑइल आतल्या आत मागे पळतंय. असं पेडल एखाद्या दिवशी लोड असताना उतारावर तळाला जातं. मास्टर सिलिंडर पूर्ण बदला. आत चरे पडले असतील तर नुसतं रबर किट घालून काही महिन्यांत तेच होईल.

हवा काढताना तीन गोष्टी सांभाळा. पेडल तळापर्यंत आपटू नका, खाली लाकडी ठोकळा ठेवा. मास्टर जुनाच असेल तर त्याचा शेवटचा भाग कधी वापरात न आल्याने गंजलेला असतो, तिथपर्यंत रबर गेलं की फाटतं. मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आणि मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल, तर मागची चाकं लटकती ठेवून हवा काढू नका. व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचं ऑइल अडवतो.

ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा ४ जे लिहिलंय तेच ऑइल घाला. एका गॅरेजने ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल भरलेली पिकअप माझ्याकडे ओढून आणली होती. चारही चाकं जाम. सगळी रबरं फुगून दीडपट झाली होती, मास्टरपासून होजपर्यंत सगळं बदलावं लागलं. त्या माणसाचा पूर्ण हंगाम गेला, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

मडगावहून : कुटबण जेटीवरून मासे वाहतो. हौद्याखाली चासीला पापुद्रे सुटलेत. वरून डांबर मारून घेऊ का?

डांबर मारू नका. गंजावर डांबर म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. ओल आत कोंडते आणि लोखंड दिसत नाही अशा जागी खाल्लं जातं. तुमच्या गाडीचा शत्रू समुद्राच्या वाऱ्यापेक्षा पेट्यांतून ठिबकणारं बर्फाचं खारं पाणी आहे. ते हौद्याच्या फटीतून थेट चासीवर पडतं.

आधी नुकसान किती ते बघा. गाडी सपाट जागी, चाकांना ओट (अडकण) लावून. जॅक गंजलेल्या चासीला लावू नका, आरपार जाईल. अ‍ॅक्सलखाली लावा, आणि स्टँड दिल्याशिवाय आत शिरू नका. हलक्या हातोडीने चासी ठोकत जा. जाड लोखंड खणखणतं, खाल्लेलं थप्प वाजतं. तिथं स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. मागच्या पाट्याचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) ब्रॅकेट, क्रॉस मेंबरचे जोड आणि हौद्याच्या लाकडी पॅकिंगखालची जागा जास्त जपून तपासा. ब्रेकच्या लोखंडी पाइपचे क्लिप एक-एक सैल करा. पाइप नेमका क्लिपखाली सडतो. सँडपेपरने घासल्यावर खड्डे दिसले तर तो पाइप तसाच नवा घ्या, मधे रबरी नळीचा जोड नको.

ब्रॅकेटजवळ स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर चासीचं काम जाणणाऱ्या वर्कशॉपमध्येच जा. गंजावर पट्टी वेल्ड करून उपयोग नाही, चांगल्या लोखंडापर्यंत कापावं लागतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

नुकसान वरवरचं असेल तर तारेच्या ब्रशने घासून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग. आणि हौद्याला एका कोपऱ्यात निचऱ्याचं भोक पाडून नळी चासीच्या बाहेरपर्यंत खाली सोडा. शेवटची खेप झाली की रोज खालून गोडं पाणी मारा. याने गाडीची वर्षं वाढतात.

सांगोल्याहून : डाळिंबाचं लोड घेतल्यापासून गाडी तिरकी चालते, स्टिअरिंग एका बाजूला धरावं लागतं.

मागच्या पाट्यांना अ‍ॅक्सलवर जागी धरणारा सेंटर बोल्ट तुटला असावा, त्याने अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. टेपने दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून अ‍ॅक्सलपर्यंत मोजा. फरक आला की दोष सापडला. नवा बोल्ट घाला, पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू बोल्टही नवे घ्या, आणि लोडवर थोडं चालवून ते पुन्हा आवळा. सैल यू बोल्टनेच सेंटर बोल्ट तुटतो.

अहिल्यानगरहून : २००९ ची गाडी काळ्या धुरामुळे पीयूसीला नापास झाली. नोजल बदलू का?

बीएस फोर या प्रदूषण नियमाच्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे, नीट ठेवलेलं इंजिन तिच्यात बसतं. नोजल शेवटी बघा. पहिला एअर फिल्टर. तो काढून, मधल्या नळीत चिंधी किंवा उंदराचं घरटं नाही ना हे पाहा. टर्बो असेल तर त्याच्या रबरी नळीला चीर आहे का, हात फिरवून बघा. चीर असली की तिथं तेलकट काळं लागतं. मग पंपावरच्या जास्तीत जास्त डिझेल ठरवणाऱ्या स्क्रूचं सील पाहा. आधीच्या मालकाने ओढ वाढावी म्हणून तो फिरवून घेतलेला असतो, आणि अशा गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. सील तुटलेलं दिसलं तर स्वतः अंदाजाने उलटा फिरवू नका. तेवढ्यासाठी मात्र पंप उतरवून कॅलिब्रेशनला द्या, आणि परत आणताना नवं सील मारून घ्या.