गच्चीवर सापडलेला गुलाब नर्सरीत विकला जातोय, हक्क कुणाचा?

प्रश्न: मी नाशिकला राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. गच्चीवर तीसेक गुलाब आहेत. चार वर्षांपूर्वी ग्लॅडिएटर या लाल गुलाबाच्या एका फांदीवर लालऐवजी फिकट पीच रंगाची, कडेला लाल छटा असलेली फुलं आली. त्या फांदीचे डोळे भरून (म्हणजे तिची कोंबाची डोळी दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर बसवून) मी आणखी झाडं केली, तीही तशीच फुलतात. ओळखीच्या एका नर्सरीवाल्यांनी 'करून बघतो' म्हणत डोळे भरण्यासाठी त्या फांदीच्या काड्या नेल्या. गेल्या दिवाळीपासून ते ही रोपं स्वतः दिलेल्या नावाने विकताहेत. विचारलं तर म्हणाले, 'मूळ झाड माझ्याकडूनच नेलं होतं ना?' अमेरिकेतला भाचा म्हणतो, पेटंट घे. एरवी हे गृहस्थ रोपं चांगली करतात. मी काय करू? नोटीस पाठवू का? आणि या वाणाला मला माझ्या आईचं नाव द्यायचंय.

उत्तर: ताई, नोटीस आज पाठवू नका. आधी अर्ज करा. कारण आज या गुलाबावर कायद्याने तुमचा एकाधिकार नाही, आणि तो मिळवायची मुदत हातातून चालली आहे.

पेटंटचं आधी सांगते. भाचा म्हणतो ते अमेरिकेपुरतं खरं आहे. तिथलं पहिलंच वनस्पती-पेटंट १९३१ साली गुलाबाला मिळालं, 'न्यू डॉन' या वेलगुलाबाला. तोही तुमच्यासारखाच, जुन्या जातीच्या झाडावर निसर्गतः झालेला बदल होता, आणि पेटंट मिळालं न्यू जर्सीतल्या हेन्री बोझेनबर्ग या बागकाम करणाऱ्या माणसाला. आपल्याकडे मात्र पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) ने वनस्पती आणि त्यांचे वाण पेटंटबाहेर ठेवले आहेत. भारतात तुमचा रस्ता एकच, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. गुलाब त्याखाली अधिसूचित आहे.

या कायद्यात 'पैदासकार' म्हणजे ज्याने वाण तयार केला, उत्क्रांत केला किंवा विकसित केला तो. 'ज्याला सापडला तो' असं कुठे म्हटलेलं नाही. समोरचा वकील नेमकं इथेच बोट ठेवेल: बाईंनी काय केलं, फांदी तर आपोआप बदलली. माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही पैदासकार ठरू शकता. फांदी ओळखणं, तिचे डोळे वेगळे काढून भरणं, पुढच्या झाडांत तोच रंग टिकतो का ते पाहणं, हे सगळं विकसित करणंच आहे. पण हे मत कागदावर उभं राहायला तुमच्या कामाचा पुरावा लागेल, आणि तो फक्त तुम्हीच देऊ शकता.

म्हणून सगळ्यात आधी गच्चीवर जा. ती पहिली फांदी डोळा भरलेल्या गाठीच्या वरून निघाली आहे ना, हे नीट पाहा. गाठीच्या खालून आलेली असेल तर ती खुंटाची फूट आहे आणि सगळा दावा तिथेच संपला. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, तरी गाठ आणि फांदी एकाच चौकटीत येतील असा फोटो घ्या. मूळ फांदी छाटू नका. त्याच झाडावर एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला पीच फूल दिसणं, याच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. मग एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या खुंटावर काही डोळे या फांदीचे आणि काही साध्या ग्लॅडिएटरचे भरा, आणि ती झाडं शेजारी शेजारी वाढवा. प्रत्येकाला तारखेची पत्र्याची पट्टी बांधा. वहीत पाकळ्या, काटे, पानांचा तकाकीपणा, वास, दांड्याची लांबी, भुरी आणि काळे ठिपके किती येतात, हे दर बहराला लिहा. अशा बदललेल्या फांद्यांची काही झाडं पुन्हा मूळ रंगावर जातात. तसं एखादं झालं तर तेही लिहा, लपवू नका. चाचणीत ते उघडं पडतंच आणि मग बाकीच्या वहीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

हे एवढ्यासाठी की नोंदणीला चार गोष्टी लागतात: नावीन्य, वेगळेपण, एकसारखेपण आणि स्थिरता. शेवटच्या तिन्हींची परीक्षा या कायद्याखाली वाणांची नोंदणी करणारं प्राधिकरण स्वतः लागवड करून घेतं, पण अर्ज भरताना वेगळेपण नेमकं कशात आहे हे तुम्हालाच लिहायचं असतं. पुण्याला पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे. तिथल्या शास्त्रज्ञाला झाड एकदा दाखवून घ्या.

आता नावीन्य. खरी घाई याचीच आहे. पैदासकाराने स्वतः किंवा त्याच्या संमतीने वाणाची रोपं भारतात विकली गेली असतील, तर त्या विक्रीपासून एक वर्षाच्या आत अर्ज यायला हवा. तुम्ही संमती दिलीच नव्हती, तर नर्सरीवाल्यांच्या विक्रीने तुमचं नावीन्य जायला नको. पण ते 'बाईंनीच दिल्या, विका म्हणाल्या' असं म्हणणार, आणि तो वाद वर्षानुवर्षं चालेल. त्या वादावर हक्क टांगून ठेवण्यात अर्थ नाही. संमती होती असं धरूनच दिवस मोजा: गेल्या दिवाळीची पहिली विक्री, म्हणून या दिवाळीच्या आत अर्ज. प्रदर्शनात फूल मांडल्याने किंवा नुसत्या चाचणीसाठी झाड दिल्याने नावीन्य जात नाही. पण तुम्ही स्वतः एखादं रोप पैसे घेऊन दिलं असेल, तर त्याची तारीख मला आधी सांगा.

तारखांबद्दल मी इतकं का बोलते आहे? पेप्सिकोच्या एफएल २०२७ या बटाट्याची नोंदणी प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये रद्द केली, तेव्हा पहिल्या विक्रीची चुकीची तारीख आणि हक्क कुणाकडून आला याचे अपुरे कागद, हेच मुद्दे पुढे आले होते. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, पण तोवर किती वर्षं आणि किती वकील लागले! तुम्हाला ते परवडणारं नाही.

'मूळ झाड माझं' या त्यांच्या म्हणण्याला कायद्यात आधार नाही. झाड विकलं तेव्हा मालकी तुमच्याकडे आली, आणि बदल तुमच्या कुंडीत झाला. प्रश्न नर्सरीचा नाही, मूळ जातीच्या पैदासकाराचा असतो. एखाद्या नोंदणीकृत वाणावरच असा बदल झाला, तर कायदा त्याला मूळ वाणापासून मूलतः व्युत्पन्न वाण मानू शकतो आणि मग मूळ पैदासकाराशी बोलावं लागतं. ग्लॅडिएटर १९५०च्या दशकातली जात, तिच्यावर आज कुणाचा हक्क उरलेला नाही. तरीही अर्जात तिचं नाव स्पष्ट लिहायचं. व्युत्पन्न वाणाचा अर्जनमुना वेगळा असतो. कुठला भरायचा हे प्राधिकरणाच्या पुण्याच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या.

शेतकऱ्यांना या कायद्याखाली शुल्क माफ आहे. नुसत्या गच्चीवरच्या बागेला ती माफी मिळेल असं मी धरून चालणार नाही. तुम्ही स्वतः कसत असलेली शेतजमीन असेल तर सातबारा घेऊन या.

अर्ज दाखल झाला की नर्सरीवाल्यांचं बघू. अर्ज आणि निर्णय यांच्या मधल्या काळात कुणी गैरफायदा घेत असेल, तर पैदासकाराच्या हितासाठी निर्देश देण्याचा अधिकार कलम २४(५) ने निबंधकाला, म्हणजे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, दिला होता, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. नोटीस तेव्हा पाठवू, तिच्यात अर्जाचा क्रमांक असेल. 'करून बघतो' हा त्यांचा व्हॉट्सअॅप संदेश असेल तर तो फोन जपा, बदलू नका, विकू नका. पुरावा म्हणून तो देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल, ते मी करून देईन. त्यांच्याकडून एक रोप कुणालातरी पावती घेऊन विकत आणायला सांगा. आणि त्यांनीच आधी अर्ज केला तर घाबरू नका. तो जाहीर झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत 'खरा पैदासकार मी आहे' असा विरोध नोंदवता येतो. म्हणून प्राधिकरणाचं वाण-नियतकालिक बघत राहायला हवं.

वाणाला आईचं नाव द्यायचंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. जरूर द्या. नाव एकमेव आणि फसवं नसलेलं हवं, नुसते आकडे चालत नाहीत, आणि तेच नाव पुढे ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

एक शक्यता मात्र खुली ठेवा. हे गृहस्थ रोपं चांगली करतात असं तुम्हीच म्हणता. अर्जानंतर ते रीतसर परवाना घेऊन, तुम्ही दिलेल्या नावाने आणि प्रत्येक रोपामागे ठरलेली रक्कम देऊन विकायला तयार असतील, तर मी तुम्हाला भांडणाचा सल्ला देणार नाही. करार मुद्रांकावर करू, आणि त्याच्या पहिल्याच कलमात ते लिहून देतील की या वाणाच्या पैदासकार तुम्ही आहात.